जमिनीला टेकेपर्यंत कापड

टेनिसमधल्या चौथ्या गड्याच्या जागेवर मार्तंड सिंदफळकर याच्याऐवजी शेवटी एका वेताच्या खुर्चीची निवड झाली. तिचा खेळ मार्तंडपेक्षा चांगला आहे, यावर तिन्ही साहेबांचं एकमत झालं.

आता हे झालंच नाही असं धरून आपण पुढं जाऊ. मार्तंडला यातलं अजून काही ठाऊक नाही. तो कचेरीत बसलाय, त्याच्यापुढं फायलींचा ढीग आहे, आणि आपले दिवस पालटणार असं त्याला वाटतंय. माणसाला एवढं वाटतंय तर वाटू द्यावं.

साल अठ्ठावन्न. निजामाचं राज्य जाऊन दहा वर्षं झाली होती आणि हैद्राबादचे तीन तुकडे होऊन दोन. कचेरीचं काम उर्दूतून मराठीत आलं होतं, पण ही गोष्ट जुन्या फायलींना कुणी कळवली नव्हती. त्या उर्दूतच राहिल्या. म्हणून त्यांच्या भाषांतरासाठी तीन माणसांची एक शाखा काढली. त्यातला एक लातूरला गेला, एक निवृत्त झाला आणि मार्तंड उरला. शाखेत तो एकटाच, त्यामुळं शाखेचा प्रमुखही तोच आणि प्रमुखाच्या हाताखालीही तोच. खोली कचेरीच्या मागच्या अंगाला होती. तिथं दिवसातून दोनदा माणूस यायचा. सकाळी वीरप्पा शिपाई खिडकी उघडायला यायचा आणि संध्याकाळी तोच लावायला. सकाळी तो म्हणायचा, "बसलात का?" संध्याकाळी म्हणायचा, "उठता का?" मार्तंड दोन्हीला "हो" म्हणायचा. पुष्कळदा त्याचं दिवसभराचं बोलणं एवढंच असायचं.

आईवडील तुळजापुरात वारले होते. थोरला भाऊ बाबूराव हैद्राबादेत नोकरीला होता. राज्याची वाटणी झाली तेव्हा तो तिकडच्या वाट्याला गेला. तीन महिन्यांनी त्याचं एक कार्ड यायचं. 'इकडील सर्व क्षेम. तिकडील क्षेम कळवावे.' मार्तंड कळवायचा. पण नुसत्या क्षेमानं कार्डाचा पाव भागसुद्धा भरत नाही, म्हणून तो अक्षर मोठं काढायचा.

अशात त्याच्याकडं क्लबाच्या नियमांची फाईल आली. कचेरीच्या मागं निजामाच्या वेळचं टेनिसचं एक मैदान होतं, भोवती मेंदीचं कुंपण होतं, आणि त्या मैदानाला उर्दूत अठरा कलमं होती. मार्तंडनं सगळ्यांचं मराठी केलं. कलम अकरा असं : 'सपाट रबरी तळाच्या पांढऱ्या कापडी बुटांखेरीज कोणीही, मग तो कोणत्याही हुद्द्याचा असो, मैदानात पाऊल ठेवू नये.'

भाषांतर वाचून कचेरीचे साहेब स्वतः त्याच्या खोलीत आले. मार्तंड उभा राहिला. साहेब दिसला की उभं राहायचं, हे त्याच्या गुडघ्यांना परस्पर माहीत होतं. मार्तंडला ते मागाहून कळायचं.

"सिंदफळकर, टेनिस येतं का तुम्हाला?"

"नियम येतात, साहेब."

"अठराही?"

"अठराही. सातव्या कलमात एक शंका आहे, पण ती मुळातच आहे."

"मग तुम्ही आमच्या इंजिनिअरपेक्षा बरे. त्यांना एकही येत नव्हता. त्यांची नांदेडला बदली झाली. मी, डॉक्टर आणि मुन्सफ, तिघंच उरलो. चौथा गडी पाहिजे. रॅकेट क्लबाची मिळेल, बूट तेवढे घ्या."

"कधीपर्यंत घेऊ, साहेब?"

"घ्या की. महिना घ्या हवं तर. चांगले बघून घ्या."

साहेब गेले. मार्तंड बराच वेळ उभाच होता. खानावळीला जाताना रोज त्या मेंदीच्या कुंपणापाशी त्याची चाल मंदावत असे. खेळ संपला की साहेब लोक एका गोल टेबलाभोवती बसायचे. टेबलाला चार वेताच्या खुर्च्या होत्या. लिंबाचं सरबत यायचं, आणि मग ते बोलायचे. काय बोलायचे ते कुंपणाबाहेर ऐकू यायचं नाही, पण एक थांबला की दुसरा बोलतोय एवढं दिसायचं. मार्तंडला तेवढंच पाहिजे होतं. टेनिसचं त्याला काही नव्हतं. त्याला चौथी खुर्ची हवी होती.

धाराशिवात (कागदावर उस्मानाबाद, तोंडात धाराशिव) पांढरे कापडी बूट एकाच ठिकाणी मिळायचे, महालिंगप्पाच्या कापडाच्या दुकानात. महालिंगप्पा लिंगायत. चामडं त्याच्या उंबऱ्याच्या आत येणं शक्यच नव्हतं. पण हे बूट म्हणजे वर सूत आणि खाली झाडाचा चीक. एका शाळेनं ते कवायतीसाठी मागवले होते, मग शाळेचा विचार बदलला, आणि सहा, सात, आठ आणि नऊ नंबरचे चार जोड धोतरं आणि खणांच्या मधल्या फळीवर राहून गेले.

मार्तंडनं दारातल्या रांजणाच्या पाण्यानं पाय धुतले आणि गादीवर चढला.

"मुन्शीजी, घालून बघा," महालिंगप्पा म्हणाला. उर्दू येणाऱ्या प्रत्येकाला तो मुन्शीजी म्हणे. "फकस्त एक. जमिनीला टेकवायचं न्हाय."

"म्हणजे?"

"जमिनीला टेकेपतुर कापड. टेकलं की पायताण. अन् पायताण माझ्या दुकानात चालत न्हाय. टेकलं की ते तुमचं झालं, सौदा मिटला."

"मग चालून कसं बघायचं?"

"हवेत," महालिंगप्पा म्हणाला. आजवर सगळं गाव असंच चालत आलंय, असा त्याचा चेहरा होता.

मार्तंडनं सात नंबर घातला, लोडाला टेकला, दोन्ही पाय वर उचलले आणि चालू लागला. महालिंगप्पा डोकं वाकडं करून बघत राहिला.

"जरा भरभर चला."

मार्तंड भरभर चालला.

"आता वळा. डावीकडं न्हाय, तिकडं भिंत हाय."

सात नंबर पहिल्या मिनिटालाच बसला. टाच धरली, बोटं मोकळी राहिली. आता तो 'द्या बांधून' म्हणणारच होता, तेवढ्यात आतला पडदा सरकला आणि महालिंगप्पाची आई इरम्मा दोन कपबश्या घेऊन बाहेर आली. दुकानाची रीत तिच्या सासऱ्यापासूनची होती : सौदा होईपर्यंत गिऱ्हाईक गादीवर, आणि गादीवरच्या माणसाला चहा. सौदा झाला की गिऱ्हाईक पायरीवर, म्हणजे गादी दुसऱ्याला मोकळी. म्हातारीला कानडी जास्त यायचं आणि मराठी लागेल तेवढं. हवेत चालणाऱ्या मार्तंडकडं तिनं एकदा बघितलं आणि कप पुढं केला.

"तम्मा, चा कुडी."

तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. मार्तंडनं पाय खाली घेतले, अर्थात गादीवर, आणि चहा प्याला. खानावळीत तो चहा प्यायचा तो सगळ्यांसाठी उकळलेला असे. हा त्याच्या नावानं कपात ओतलेला होता.

"मग? बांधू?" महालिंगप्पानं विचारलं.

"विचार करून सांगतो," मार्तंड म्हणाला.

दुसऱ्या दिवशी कचेरी सुटल्यावर तो पुन्हा आला. पाय धुतले, चढला, सात नंबर घातला आणि चालू लागला.

"काय शंका हाय?" महालिंगप्पानं विचारलं.

"डावा उजव्यापेक्षा जास्त पांढरा वाटतो."

महालिंगप्पानं दोन्ही बूट उजेडाला धरून पाहिले. "हाय खरा. उजवा फळीच्या कडंला हुता. धुळीनं हुईल तसं."

"म्हणजे डावा मळेपर्यंत थांबावं का?"

"थांबा की. घाई कुणाला हाय?"

आणि चहा आला.

तिसऱ्या दिवशी शंका अशी, की सात हा आकडा साडेसातीच्या फार जवळचा आहे. त्यावर आठ नंबर काढला. तो पायात असा हलत होता, की मार्तंड थांबला तरी बूट चालतच राहिला. इरम्मा दारात बसून बघत होती, तिनं पदर तोंडाला लावला. चौथ्या दिवशी लेस. पाचव्या दिवशी सहा नंबर घातला तर अंगठा दुमडला. मार्तंडनं तो दुमडलेल्या अंगठ्यानं अर्धा तास चालवला आणि शेवटी 'घट्ट वाटतो' असं मत दिलं.

"तुमी कचेरीत बी असंच करता का?" महालिंगप्पानं विचारलं.

"कचेरीत याहून सावकाश."

"मग तिथं लई बूट विकत न्हाईत, हे बरं."

चालता चालता बोलणं व्हायचं. महालिंगप्पाच्या मेहुण्यानं आळंदला सोडलेली गिरणी, इरम्माचे गुडघे, तेरखेड्याची फटाकडी यंदा दिवाळीला कशी फुसकी निघाली, माकणीकडची ज्वारी. मार्तंडनं आपल्या भावाच्या कार्डाबद्दल सांगितलं. इरम्मानं विचारलं, "काय लिवतो?" मार्तंड म्हणाला, "क्षेम." इरम्मा म्हणाली, "अन् फुडं?" मार्तंड पायांनी हैद्राबादेच्या दिशेनं थोडा वेळ चालला आणि म्हणाला, "पुढं सही."

त्यानं एकदा हिशेब केला. रोज अर्धा तास म्हणजे दोन मैल धरले, तर एकोणीस दिवसांत तो तुळजापूर ओलांडून गेला होता आणि नळदुर्गही मागं पडलं होतं. याच चालीनं गेला तर पाऊस सुरू व्हायच्या आत बाबूरावाच्या दारात. हे त्यानं महालिंगप्पाला सांगितलं. महालिंगप्पानं नीट विचार केला.

"उमरग्याला आमच्या वळखीचा माणूस हाय," तो म्हणाला. "तिथं मुक्काम करा."

क्लबाचं मार्तंडच्या मनातून गेलं नव्हतं. महिना दिलाय, महिन्याच्या शेवटच्या दिवशी सात नंबर घ्यायचा, असं त्यानं ठरवलं होतं. इकडची गादी शेवटच्या दिवसापर्यंत, आणि दुसऱ्या दिवसापासून तिकडची खुर्ची. मधे एकही संध्याकाळ रिकामी जाणार नव्हती. सरकारी नोकरीत इतकं चोख नियोजन क्वचितच होतं.

बाविसाव्या दिवशी तो गादीच्या काठावर बसला होता. मधल्या भागात नवे गठ्ठे सोडून ठेवले होते, म्हणून इरम्मानंच त्याला काठावर सरकायला लावलं होतं. पाय बाहेर लोंबकळत होते, खाली शहाबादी फरशी वीतभर लांब. सात नंबर घालून तो रमतगमत चालला होता, आणि इरम्मा आत पातेलं चढवत होती. तेवढ्यात दारात सावली पडली.

"मांजरपाट आहे का, पांढरा?" साहेबांनी विचारलं.

मार्तंडचे गुडघे उभे राहिले.

मार्तंड फरशीवर उभा होता. सात नंबर फरशीवर उभा होता. महालिंगप्पानं हातातला गज खाली ठेवला आणि, घरात कुणी गेलं की ज्या आवाजात सांगतात, त्या आवाजात म्हणाला, "टेकलं."

"अरे, सिंदफळकर," साहेब म्हणाले. "बूट घेतले वाटतं."

मार्तंडनं खाली बघितलं. "होय साहेब. आत्ताच."

"छान. उद्या या मग." साहेब महालिंगप्पाकडं वळले. "दोन वार द्या. खुर्चीला खोळ शिवायचीय. खेळणारा पांढऱ्यातच पाहिजे, कलम चार. यांचंच भाषांतर आहे."

"खुर्ची खेळते, साहेब?" मार्तंडनं विचारलं.

"या उद्या. बघालच."

आत इरम्मानं पातेलं उतरवल्याचा आवाज आला. मार्तंड पायरीवरून खाली उतरला तेव्हा चहा यायचा होता.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला तो मैदानावर गेला. त्याचे बूट सगळ्यांत पांढरे होते. जाळीच्या अलीकडं साहेब आणि मुन्सफ उभे होते, आणि पलीकडं डॉक्टर आणि खुर्ची.

झालं होतं असं. पहिल्या आठवड्यात तिघांनी चौथ्याची वाट पाहिली. आठव्या दिवशी डॉक्टरांनी, आपली बाजू भरलेली दिसावी म्हणून, टेबलापाशी रिकामी पडलेली चौथी खुर्ची उचलून जाळीजवळ ठेवली. मुन्सफांचा चेंडू तिच्या पाठीवर आदळून जाळीपलीकडं गेला. डॉक्टर तो डाव जिंकले. त्यानंतर ती जोडी फक्त दोनदा हरली होती, आणि तेही वाऱ्यानं.

"पण हे तर आलेत आता," मुन्सफ म्हणाले. ते न्यायाचे माणूस होते. "एक डाव यांना देऊ."

खुर्ची बाजूला ठेवली. मार्तंड तिच्या जागी उभा राहिला. पहिला चेंडू त्याच्या डावीकडून गेला. "कलम नऊ," मार्तंड म्हणाला, "रेषेवर पडल्यास आत." दुसरा उजवीकडून गेला. तो बाहेर पडला होता, हेही मार्तंडनं कलमासह सांगितलं. तिसरा सरळ अंगावर आला, आणि मार्तंडनं, कुणीही भला माणूस करील तसं, त्याला वाट करून दिली.

डाव संपल्यावर डॉक्टर त्याच्याजवळ आले. डॉक्टर सभ्य होते. वाईट बातमी सांगायची त्यांना सवय होती.

"तुमचं काही चुकलं नाही," ते म्हणाले. "पण आता आमचं जमलंय. ही मधे बोलत नाही. हटतही नाही."

साहेबांनी मुन्सफांकडं बघितलं, मुन्सफांनी मान हलवली, आणि तिघांचं एकमत झालं.

मार्तंड मैदानाबाहेर निघाला होता, तोच साहेबांनी हाक मारली. "सिंदफळकर, एक करता का? हा वीरप्पा अनवाणी. त्याला आत येता येत नाही, कलम अकरा. त्यामुळं रोज खुर्ची मलाच उचलावी लागते आणि ते बरं दिसत नाही. तुमच्या पायात बूट आहेतच."

त्या दिवसापासून मार्तंड रोज साडेपाचला मैदानात जाऊ लागला. खोळ घातलेली खुर्ची उचलायची, चुन्याच्या खुणेवर ठेवायची, चारही पाय टेकले की नाही ते बघायचं आणि बाहेर यायचं. खेळ संपला की खुर्ची परत टेबलापाशी. साहेब बसत, डॉक्टर बसत, मुन्सफ बसत. चौथ्या खुर्चीत कोणी बसत नसे, ती दमलेली असे. सरबताचे पेले सवयीनं चार येत. चौथा खुर्चीपुढं ठेवला जाई आणि तसाच परत जाई. तो कोणी प्यावा, हे अठरा कलमांत कुठंच नव्हतं. मार्तंडनं उर्दू मूळ काढून पुन्हा तपासलं होतं.

आता बोलणं मात्र ऐकू यायचं. ते खुर्चीच्या खेळाबद्दल असे.

पाचव्या दिवशी तो महालिंगप्पाच्या दुकानात गेला. रांजणापाशी पाय धुवायला वाकला.

"पाय कशाला धुता, मुन्शीजी?" महालिंगप्पा हळू म्हणाला. "बसा की पायरीवर."

मार्तंड पायरीवर बसला. गादीवर एक माणूस धोतर बघत होता आणि चहा पीत होता.

"मी म्हणत होतो," मार्तंड म्हणाला, "सहा नंबर पुन्हा एकदा बघावा."

"तुमचा पाय सातचा हाय."

"तेव्हा नीट कळलं नसेल."

"मला पयल्याच दिशी कळलं हुतं."

मार्तंडनं मान वर केली. "मग बोलला नाहीत?"

"तुमी बी न्हाय बोलला," महालिंगप्पा म्हणाला. त्यानं धोतराची घडी उलगडली आणि परत घातली. "आज्ज्यापासनं रीत हाय. एकाला मोडली तर उद्या सगळं गाव गादीवर. मग कापड कुठं ठेवू?"

"बरोबर आहे."

पडद्याआडून इरम्माचा आवाज आला. "तम्मा आला काय?"

"सौदा झालाय, अव्वा," महालिंगप्पा म्हणाला.

आत एक कप बशीवर ठेवल्याचा आवाज झाला. मग तोच कप बशीवरून उचलून फळीवर ठेवल्याचा. मार्तंडनं पायरीवर बसल्या बसल्या एक पाय थोडा उचलून पाहिला. पण तो आता पायताणात होता, आणि हवेत काही केल्या पुढं जाईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी वीरप्पा खिडकी उघडून गेल्यावर त्यानं कोरा ताव पुढं ओढला, समास सोडला आणि लिहिलं :

'मेहेरबान साहेब यांचे सेवेशी, अर्जदार मार्तंड नारायणराव सिंदफळकर, भाषांतर शाखा, सविनय अर्ज करतो ऐसा जे : टेनिसचे बूट निवडण्याकामी अर्जदारास एक महिन्याची मुदत मिळाली होती. पैकी बाविसावे दिवशी सदर बूट जमिनीस टेकले. परंतु अर्जदार त्या वेळी केवळ मेहेरबान साहेबांच्या मानार्थ उभा राहिला असल्याने, सदर टेकणे हे सरकारी कामाचे ओघात घडले आहे. ते अर्जदाराचे खाजगी टेकणे नव्हे. सबब ते सरकारच्या नावे धरण्यात यावे, सदर बूट आजतागायत कापड असल्याचे जाहीर करण्यात यावे, आणि कापड व्यापारी महालिंगप्पा यांस तसे लेखी कळविण्यात यावे. शिल्लक आठ दिवस अर्जदारास देण्यात यावेत. बूट निवडणे हे जबाबदारीचे काम असून ते आठ दिवसांत उरकणारे नाही, हे लक्षात घेऊन सदर मुदत अर्जदाराच्या सेवानिवृत्तीपर्यंत, आणि त्यानंतर प्रकृती साथ देईल तोपर्यंत, दररोज सायंकाळी साडेपाच ते सात या वेळेत, चहासह, वाढवून मिळावी, अशी आज्ञा व्हावी, ही विनंती.'